पल्ली पुरोहित म्हणजे कोण? छोट्या गावातलं चर्च, त्याची शाळा आणि दोन रजिस्टरं

ओंकारेश्वरला जाताना आमच्या आत्याने एकदा रस्त्याकडेची पाटी मोठ्याने वाचली. नर्मदेच्या अलीकडचं लहानसं गाव, पाटीवर क्रूस, खाली फादरांचं नाव आणि हिंदीत ‘पल्ली पुरोहित’. आत्याचं सगळं आयुष्य पंचांगावर गेलेलं. अंगावर कुठे पाल पडली की काय फळ मिळतं, ते पल्लीपतनाचं कोष्टक तिला तोंडपाठ. ती म्हणाली, “अरे, पालींनासुद्धा भटजी असतो होय?”

गाडीत सगळे हसले, मीही हसलो. पण तिने “मग पल्ली म्हणजे काय, ते तू सांग” म्हटल्यावर मला सांगता येईना. आणि मी अकरा वर्षं फादर-सिस्टरांच्या शाळेत काढलेली!

इंदूरच्या मराठी घरांत ‘कॉन्व्हेंट’ हा शब्द पोह्या-जिलेबीइतका रोजचा. “नात कॉन्व्हेंटला आहे” म्हणताना आवाज जरा वर चढतो. पण चर्च, मिशन, कॉन्व्हेंट, फादर, पाद्री हे सगळं आपण एकाच पिशवीत कोंबतो, आणि वर्तमानपत्रात त्यातल्या कशाबद्दल काही छापून आलं की सरसकट मत ठोकून मोकळे होतो. म्हणून हे मी समजून घेतलं, ते बँकेत नोकरी झालेल्या माणसाच्या पद्धतीने: आधी शाखा कोणाची, मग वही कुठली, मग सही कोणाची.

शब्दापासून सुरू करू. पल्ली म्हणजे संस्कृतात लहान वस्ती, खेडं. तिरुचिरापल्लीतली पल्ली दक्षिणेची, केरळात तर चर्चला किंवा मशिदीलाच ‘पळ्ळी’ म्हणतात. हिंदी पट्ट्यातल्या कॅथलिकांनी ‘पॅरिश’साठी पल्ली हा शब्द रूढ केला. वसईच्या मराठी कॅथलिकांनी त्यालाच ‘धर्मग्राम’ म्हटलं, आणि मला विचाराल तर तो शब्द जास्त नेमका आहे. कारण पॅरिश म्हणजे इमारत नव्हे. एका ठरावीक हद्दीत राहणारे कॅथलिक आणि त्यांच्यासाठी बिशपने नेमलेला पुरोहित, एवढं मिळून पॅरिश होते. चर्चचं छप्पर पावसाळ्यात कोसळलं आणि आंब्याखाली मिस्सा, म्हणजे फादरांनी चालवलेली सामूहिक उपासना, झाली तरी पॅरिश शाबूत असते. उलट बिशपची मंजुरी नसताना कोणी संगमरवरी चर्च बांधलं तर पॅरिश होत नाही. कॅथलिकांचा सध्याचा धर्मनियम १९८३ चा आहे, त्यात हे कलमवार लिहिलेलं आहे.

हद्द महत्त्वाची. आपल्याकडे कोणी खजराण्याच्या गणपतीला जातो, कोणी बड्या गणपतीला. मन मानेल तिकडे. कॅथलिक माणूसही प्रार्थनेला कुठेही जाऊ शकतो, पण त्याची पॅरिश पत्त्यावरून ठरते. लग्न, अंत्यविधी, मुलाचा स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), सगळ्याची नोंद आणि जबाबदारी तिथली. अशा अनेक पॅरिश मिळून एक धर्मप्रांत, त्याचा प्रमुख बिशप. बिशपला थेट पोप नेमतो. इथे बँकवाल्यांची एक समजूत गळून पडते: आर्चबिशप हा बिशपचा साहेब नव्हे. मान मोठा, पण शेजारच्या धर्मप्रांताच्या रोजच्या कारभारात तो बोट घालू शकत नाही.

पल्ली पुरोहित म्हणजे थोडक्यात शाखाधिकारी. काही वर्षांनी बदली. लग्न नाही, मुलंबाळं नाहीत, त्यामुळे वतन नाही. देवस्थानांचे पुजारी, त्यांच्या पाळ्या, त्यावरून पिढ्यान् पिढ्या चालणारे कोर्टातले दावे पाहिलेल्या आपल्या लोकांना ही व्यवस्था थोडी कोरडी वाटेल, पण भांडणाचं एक मोठं कारण तिने मुळातच कापून टाकलेलं आहे.

फादरही दोन प्रकारचे असतात, आणि हे कळलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही. एक धर्मप्रांताचे, बिशपच्या थेट आज्ञेतले. दुसरे एखाद्या संघाचे: जेझुइट, कॅपुचिन, एस.व्ही.डी. वगैरे. संघवाले दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात आणि त्यांचा वरिष्ठ त्यांच्या संघात असतो. संघाचा फादर एखादी पॅरिश सांभाळतो तेव्हा तो जवळजवळ डेप्युटेशनवर असतो. सिस्टरांचंही तसंच. त्या फादरांच्या हाताखालच्या नोकरदार नव्हेत. त्यांचा संघ वेगळा, मदर सुपिरियर वेगळ्या, पैशाचा हिशेबही वेगळा. त्या एकत्र जिथे राहतात ते घर म्हणजे कॉन्व्हेंट. शाळा त्या घराच्या शेजारी होती म्हणून कॉन्व्हेंटची शाळा, आणि मग लोकांनी शाळेलाच कॉन्व्हेंट करून टाकलं. आज दोन खोल्या आणि एक गेट असलेली, कोण्या शर्मा-पाटीदारांच्या मालकीची शाळाही ‘सेंट अमुक कॉन्व्हेंट’ असते. त्यातले काही संत तर व्हॅटिकनलाही नवीन असतील.

आणखी एक फरक. इंदूरचं क्रिश्चन कॉलेज, जिथे किशोरकुमार शिकला, ते १८८७ चं, पण ते कॅथलिक नव्हे. कॅनडातल्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांचं. तिथे ना पोप, ना सिस्टर. त्यांचे पाद्री लग्न करतात. जुन्या इंदुरी बोलण्यात ‘मिशन’ म्हटलं की बहुधा हे कॅनडावाले आणि ‘कॉन्व्हेंट’ म्हटलं की कॅथलिक. आमच्या आजोबांच्या पिढीला हा भेद पक्का ठाऊक होता. आपण तो विसरलो.

आता त्या वहीकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

बँकेतला माझा एक मित्र, मूळचं रेल्वेचं घराणं, भुसावळ-खंडवा करत इंदूरला स्थिरावलेलं. मुलीचं लग्न वसईच्या मुलाशी ठरलं. तिकडच्या फादरांनी मुलीचा स्नानसंस्काराचा दाखला मागितला. मित्राने पंचवीस वर्षांपूर्वीचा लॅमिनेट केलेला दाखला काढून दिला, तर फादर म्हणाले, हा चालत नाही, सहा महिन्यांच्या आतला नवीन हवा. मित्र वैतागला. “जन्मतारीख बदलते का रे दर सहा महिन्यांनी?” तरी गेलो आम्ही दोघं, त्याच पाटीच्या गावाला. त्याची तेव्हा तिथे पोस्टिंग होती आणि मुलीचा संस्कार तिथेच झालेला.

चर्च कसलं, कौलारू लांबट खोली, पुढे ओटा, वर क्रूस. पलीकडे शाळेची दुमजली इमारत, चर्चच्या चौपट. व्हरांड्यात घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलेला, शेजारी दोरीला बांधलेला बोल्ट. फादर केरळचे, हिंदी मात्र अस्सल निमाडी वळणाचं. त्यांनी गोदरेजचं कपाट उघडलं आणि कापडी पुठ्ठ्याचं आडवं रजिस्टर काढलं. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या शाखेत डे-बुक होतं ना, अगदी तसंच.

रकाने असे: क्रमांक, संस्काराची तारीख, जन्माची तारीख, नाव, वडील, आई, वडिलांचा धंदा, राहण्याचं ठिकाण, धर्मपिता आणि धर्ममाता, संस्कार करणाऱ्याची सही, शेरा. पहिल्या पानांवर नावं लॅटिन थाटाची, जोसेफचा ‘योसेफुस’ झालेला. दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे जगभरच्या बिशपांची सभा, भरली १९६२ ते १९६५ या काळात. त्यानंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली, आणि रजिस्टरातले योसेफुसही पुन्हा जोसेफ झाले. मला मात्र खिळवून ठेवलं ते धंद्याच्या रकान्याने. सुरुवातीला गँगमन, फायरमन, पॉइंट्समन, गार्ड. मग मध्ये नर्स, कंपाउंडर. मग मजूर, मजूर, मजूर. मग शिक्षक. एका रकान्यात गावाचा सगळा इतिहास उभा होता, आणि कोणी तो इतिहास म्हणून लिहिलाच नव्हता.

सहा महिन्यांची अट का, याचं उत्तर शेऱ्याच्या रकान्यात आहे. कॅथलिक माणसाचं मूळ खातं म्हणजे त्याची स्नानसंस्काराची नोंद. पुढे दृढीकरण (श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) झालं, लग्न झालं, तो फादर झाला किंवा ती सिस्टर झाली, की ते जिथे घडलं तिथली पॅरिश मूळ पॅरिशला कळवते आणि तिथे त्याच ओळीपुढे शेरा मारला जातो. म्हणजे जगाच्या पाठीवर कुठेही लग्न करा, नोंद परत येऊन जन्मगावच्या खतावणीत चढणार. नवीन दाखला मागायचा तो मुलीचं वय पाहायला नाही, शेऱ्याचा रकाना आजही कोरा आहे ना, हे पाहायला! पॅरिशांनी लग्नाची आणि स्नानसंस्काराची रजिस्टरं ठेवावीत असं ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये फर्मावलं, आणि लग्नाची खबर मूळ नोंदीपर्यंत पोचवण्याची सक्ती १९०८ पासून जगभर लागू झाली. संगणक नाही, केंद्रीय सर्व्हर नाही, फक्त पोस्टाची पाकिटं. तरी खतावणी जुळते. आमच्या आंतरशाखा हिशेबाची बोंब आठवून मी गप्प बसलो.

पण माळव्यात आणि निमाडात हे कॅथलिक आले कुठून?

पहिला रस्ता छावणीचा. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, १८१८ च्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि महूला इंग्रजांची छावणी पडली. महू म्हटलं की आपल्याला बाबासाहेबांचं जन्मस्थान आठवतं, तेही छावणीमुळेच, कारण रामजी सुभेदार तिथल्या लष्करी शाळेत होते. गोऱ्या पलटणींत आयरिश शिपायांचा भरणा मोठा, आणि आयरिश म्हणजे बहुतेक कॅथलिक. त्यांच्यासाठी फादर लागले. मध्य हिंदुस्थानातल्या पुष्कळ जुन्या कॅथलिक चर्चांची कुळकथा अशी लष्करी आहे. तिथला फादर लोकांना धर्म शिकवायला आलेला नसे. तो पलटणीबरोबर आलेला, तिच्याबरोबर जाणारा.

दुसरा रस्ता रुळांचा. खंडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून तुकोजीराव होळकरांनी, म्हणजे दुसऱ्या तुकोजीरावांनी, इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं: साडेचार टक्के व्याज, मुदत १०१ वर्षं. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यायचं, हे बँकवाल्याला फारच सुखावणारं. ती मीटरगेज घाट चढून आली आणि तिच्याबरोबर अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, गोव्याचे गार्ड, दक्षिणेतले क्लार्क आले. जिथे लोको शेड, तिथे दहा-वीस कॅथलिक घरं. जिथे घरं, तिथे महिन्या-दोन महिन्यांनी गाडीने येऊन मिस्सा करून जाणारा फादर. धर्मग्रामाची ही अंडावस्था. हिला आजही ‘सबस्टेशन’ किंवा ‘उपकेंद्र’ म्हणतात. घरं वाढली, जागा मिळाली, राहता फादर परवडू लागला, की बिशप तिला पॅरिश करतो.

तिसरा रस्ता दुष्काळाचा. विक्रम संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा तो भयंकर दुष्काळ. माळवा-राजस्थानात अजून ‘छप्पनिया’ म्हणतात. भिल्लांच्या मुलखात माणसं रस्त्यावर पडून मेली, पोरकी मुलं मागे राहिली. राजपुताना आणि पश्चिम माळव्यात तेव्हा फ्रान्सचे कॅपुचिन फादर काम करत होते, तपकिरी झगा आणि मागे टोपी असलेले. झाबुआकडचं थांदला हे त्यांचं जुनं ठाणं. मिशनांनी अनाथालयं काढली, आणि अनाथालयात मुलं आली की शाळा आपोआप येते, कारण दिवसभर त्यांचं करायचं काय? भिल्ल मुलखातल्या अनेक मिशन शाळांचं मूळ असं भुकेत आहे. ही गोष्ट कौतुकाने सांगणारे सांगतात आणि रागाने सांगणारेही सांगतात: भुकेल्याला भाकरीबरोबर धर्म दिला, असा तो राग. माझं मत असं की अनाथाला सांभाळणाऱ्याच्या घरचा देव मिळतो, हे कुठल्याही धर्मात खरं आहे. पण तेवढ्याने हा वाद मिटत नाही, हेही मला ठाऊक आहे.

आणि चौथा रस्ता, ज्यावरून आजचं इंदूर धर्मप्रांत उभं राहिलं, तो स्टाइल नावाच्या गावातून येतो. हे हॉलंडमधलं मास नदीकाठचं खेडं. जर्मनीत बिस्मार्कने कॅथलिक चर्चवर निर्बंध आणले होते, म्हणून आर्नोल्ड यान्सन या जर्मन फादरने सरहद्दीपलीकडे जाऊन ८ सप्टेंबर १८७५ ला एका जुन्या खानावळीत आपला संघ सुरू केला. लॅटिन नावाच्या आद्याक्षरांवरून एस.व्ही.डी., अर्थ ‘दिव्य शब्दाचा संघ’. पुढच्याच वर्षी त्यांनी छापखाना घातला. कॅथलिक घरांत जाणारी मासिकं काढली आणि त्यांच्या वर्गणीदारांच्या पैशांतून जगभर माणसं धाडली. राजाचं अनुदान नाही, जमीनदाराचं इनाम नाही, मासिकाची वर्गणी! आपल्याकडच्या नियतकालिकांच्या संपादकांनी हे वाचून उसासा टाकावा.

हे लोक १९३२ मध्ये मध्य भारतात आले. त्यांच्या पाठोपाठ त्याच यान्सन यांनी स्थापलेल्या संघाच्या सिस्टर आल्या. बस्तान बसतंय तोवर दुसरं महायुद्ध पेटलं, आणि जर्मन-ऑस्ट्रियन माणूस, मग तो झगा घातलेला का असेना, इंग्रजांच्या लेखी शत्रूचा नागरिक. नगर, देवळाली, देहरादून अशा ठिकाणी अशा लोकांच्या छावण्या होत्या, आणि मिशनरीही त्यातून सुटले नाहीत.

या पहिल्या फळीतली माणसं मात्र अजब होती. स्टेफान फुक्स हे ऑस्ट्रियाचे फादर निमाडात बलाही जातीच्या लोकांत राहिले आणि त्यांच्यावर असा ग्रंथ लिहिला की मानववंशशास्त्राचे अभ्यासक अजून तो उघडतात. गेओर्ग प्रोक्श या जर्मन फादरांनी हिंदीत भजनं रचली, नृत्यनाट्यं बसवली, आणि पुढे मुंबईला अंधेरीत ज्ञान आश्रम उभा केला. १९५२ मध्ये इंदूरचं धर्मप्रांत झालं. पहिले बिशप फ्रान्सिस सायमन्स, डच. या गृहस्थांनी १९६८ मध्ये चक्क पोपच्या अचूकतेच्या, म्हणजे श्रद्धेच्या बाबतीत पोप चुकू शकत नाही या सिद्धान्तावरच शंका घेणारं पुस्तक लिहिलं. इंदूरच्या पाण्यातच काही असावं.

मूळ धर्मप्रांत अवाढव्य होतं. त्यातून फुटत फुटत भोपाळ १९६३, उज्जैन १९६८, खंडवा १९७७ आणि झाबुआ २००२, असे तुकडे वेगळे झाले. यातलं उज्जैन निराळं. इंदूरचे कॅथलिक लॅटिन परंपरेचे, उज्जैनचं धर्मप्रांत केरळच्या सिरो-मलबार परंपरेचं, जिचं नातं येशूचा शिष्य सेंट थॉमस याच्याशी सांगतात. पोप एकच, श्रद्धा एकच, पण पूजेची पद्धत आणि अंतर्गत कायदा वेगळा. कोकणस्थ-देशस्थांच्या लग्नात मुहूर्तापासून मुंडावळ्यांपर्यंत घोळ झालेले पाहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

आता शाळा.

त्या गावात फादरांनी दाखला लिहायला घेतला तेव्हा मी शाळेच्या ऑफिसात डोकावलो. तिथेही एक रजिस्टर, मध्य प्रदेशात त्याला ‘स्कॉलर रजिस्टर’ म्हणतात. प्रत्येक मुलाला स्कॉलर नंबर, नाव, जन्मतारीख, जात, प्रवेशाची तारीख, टीसीची तारीख. चर्चच्या वहीतल्या नोंदी काही शेकड्यांतल्या. स्कॉलर रजिस्टरचे मात्र खंडच्या खंड, नंबर कित्येक हजारांत. आणि नावं? पाटीदार, यादव, मन्सुरी, जैन, वास्कले, कुलकर्णी. डिसोझा शोधायला बोट खाली खाली न्यावं लागत होतं. नवल नाही. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात सगळे ख्रिस्ती मिळून ०.२९ टक्के होते, म्हणजे हजारात तीनसुद्धा नाहीत.

ही शाळा एका दिवसात उगवली नाही. आधी एक मास्तर आणि ओट्यावरची बाराखडी. मग लांबच्या पाड्यांवरच्या मुलांसाठी वसतिगृह, स्थानिक बोलीत ‘बोर्डिंग’. मग हिंदी माध्यमाची प्राथमिक शाळा. सिस्टर आल्या तेव्हा मुली येऊ लागल्या, कारण शिकवायला बाई आहे म्हटल्यावर आईबाप पाठवत. आणि मग गावातल्या दुकानदारांनी, डॉक्टरांनी, तहसील कचेरीतल्या बाबूंनी येऊन विनवलं की इंग्रजी माध्यम काढा. शेवटची पायरी चढल्यावर चित्र उलटलं. शाळा गरिबांसाठी होती, आता पैसेवाल्यांची मुलं बाहेरून गाडीने येऊ लागली. कॅथलिकांमध्येच यावर जुनी धुसफूस आहे. बरेच जुने फादर सांगतात की शहरातल्या फीवाल्या शाळेची शिल्लक खेड्यातल्या बोर्डिंगला जाते, म्हणून ती चालवायची. तरुण सिस्टर विचारतात, मग आपण व्रत कशाचं घेतलं होतं? मला दोघांचंही पटतं, त्यामुळे माझं मत निरुपयोगी आहे.

मालकी कोणाची, हा प्रश्न लोक कुजबुजत विचारतात. उत्तर रुक्ष आहे. धर्मनियमाच्या दृष्टीने पॅरिश स्वतंत्र व्यक्ती असली तरी भारतीय कायद्याला पॅरिश ठाऊक नाही. त्याला सोसायटी किंवा ट्रस्ट दिसतो. म्हणून शाळा बहुधा धर्मप्रांताच्या किंवा सिस्टरांच्या संघाच्या नोंदणीकृत सोसायटीच्या नावावर असते, तिची वेगळी खाती, वेगळं ऑडिट. चर्चच्या आवारात शाळा आहे म्हणून फादर शाळेचा मालक ठरत नाही, आणि रविवारच्या दानपेटीतून शिक्षकांचे पगारही होत नाहीत. परदेशातून पैसा आलाच तर तो एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याच्या चाळणीतून. २०२० च्या दुरुस्तीनंतर तर तो आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या ठरलेल्या एकाच शाखेत उतरतो.

आणि मग येतं ते घटनेचं तिसावं कलम. अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क. आपल्या बैठकीत कोणीतरी लगेच म्हणतं, “त्यांना सवलत, आपल्याला नाही.” थांबा जरा. कलमात शब्द आहेत ‘धर्म किंवा भाषा यांवर आधारित’ अल्पसंख्याक. आणि अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात, अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं. म्हणजे मध्य प्रदेशात मराठी माणूस भाषिक अल्पसंख्याक! इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींनी चालवलेल्या शाळेला त्या कौलारू चर्चच्या शाळेइतकाच, त्याच कलमाखाली, तोच हक्क मागता येतो. माझ्या ओळखीच्या संस्थाचालकांपैकी निम्म्यांना हे ऐकून धक्का बसला होता.

हक्क म्हणजे मोकाट सुटणं नव्हे. मान्यता, परीक्षा, इमारतीची सुरक्षितता, हे नियम सगळ्यांना सारखेच. मोठा फरक पडतो तो आरटीईत, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यात. २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याने खासगी शाळांना २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात, पण २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना त्यातून वगळलं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायाधीशांनी त्या निकालाबद्दल शंका घेऊन प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असं सुचवलं. माझ्यापुरतं सांगतो: ज्या शाळेचं मूळ दुष्काळातल्या अनाथांत आहे, तिने या सूटीच्या आड लपू नये.

धर्मांतराचा विषय टाळून पुढे गेलो तर तुम्ही म्हणाल, बँकवाल्याने एंट्री खाल्ली. मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये न्यायमूर्ती नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी समिती नेमली. १९५६ चा तिचा अहवाल मिशनऱ्यांवर कडक होता आणि त्यावर चर्चच्या बाजूने तितकीच कडक उत्तरं आली. १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्य कायदा झाला, आणि धर्माचा प्रचार करण्याच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा निकाल १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. छोट्या गावातल्या पल्ली पुरोहिताच्या डोक्यावर हा सगळा इतिहास रोज बसलेला असतो. नाताळला शाळेत गोठ्याचा देखावा करायचा तरी तो दहादा विचार करतो.

आणि सिस्टर म्हणजे फक्त शाळा, असंही नाही. देवास जिल्ह्यातलं उदयनगर बघा. केरळच्या पुल्लुवळीत जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया तिथे होत्या. शाळेत शिकवणं सोडून त्या आदिवासी शेतमजुरांना सावकाराच्या पाशातून सोडवत, बचतीची सवय लावत. २५ फेब्रुवारी १९९५ ला इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, भर प्रवाशांसमोर, भाड्याने धाडलेल्या माणसाने त्यांना भोसकून मारलं. बसमधलं कोणी मध्ये पडलं नाही. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. कुटुंबाने क्षमा केली, माफीसाठी अर्ज केले, तो सुटला आणि त्यांच्या समाधीवर येऊ लागला. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरला त्यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आलं, ही संतपदाच्या आधीची पायरी. समाधी उदयनगरच्या चर्चमध्ये आहे. शहरातल्या कॉन्व्हेंटच्या प्रवेशासाठी रात्री रांग लावणाऱ्या आपल्यातल्या किती जणांनी हे नाव ऐकलंय, मी मोजायला गेलो नाही.

फादरांनी दाखला लिहून, शिक्का मारून, फुंकर घालून आमच्या हाती दिला. शेऱ्याच्या जागी एक शब्द, ‘निरंक’. किती पैसे द्यायचे विचारल्यावर त्यांनी दानपेटीकडे बोट केलं. जाता जाता मी आत्याची पल्लीपतनाची गोष्ट सांगितली. ते इतके हसले की बाहेर रुळाच्या तुकड्यावर ठोका मारायला आलेला शिपाई आत डोकावला.

लग्न झालं, वसईला, थाटात. तीनेक महिन्यांनी मित्राच्या मोबाइलवर फोटो आला. तेच आडवं पान, तीच ओळ. वडिलांच्या धंद्याच्या रकान्यात ‘बँक क्लार्क’ पंचवीस वर्षांपूर्वीच्या फिकट निळ्या शाईत. आणि पलीकडच्या कोऱ्या रकान्यात ताज्या काळ्या शाईने जावयाचं नाव, लग्नाची तारीख आणि वसईच्या धर्मग्रामाचं नाव. खाली हिंदीत फादरांचा निरोप: ‘आत्याजी को प्रणाम। एंट्री चढ़ा दी है।’